नावावर नसलेली माडी

"घरी चल," तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, "घरीच हाय की आपण."

तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून. छातीत घरघर चालली होती. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा येत होता. "हितं न्हाई. घरी."

मी जरा जोरातच बोलले. "आवं, ह्येच घर हाय तुमचं. तुमच्या नावावर हाय. डोळं उघडून बघा."

तुम्ही डोळे उघडलेत. छताकडं बघितलंत, पंख्याकडं बघितलंत, मग माझ्याकडं. पाव्हण्याच्या घरी लई वेळ बसलेला माणूस बायकोकडं बघतो ना, आता उठू या का म्हणून, तसं बघितलंत. मी चमच्यानं पाणी घालायला वाकले. ते पाणी आत गेलं नाही. गालावरून उशीत गेलं.

भर दुपार होती. आप्पा भावजी बाहेर सोप्यात पेपर वाचत बसले होते. मी आधी उशी बदलली, तुमचं तोंड पुसलं, मग बाहेर जाऊन सांगितलं. भावजी फौजेत राहिलेला माणूस, मरणं काय कमी बघितली असतील. पण भाऊ तो भाऊ. पेपर हातात तसाच धरून बसले. मग म्हणाले, "आपल्या सोताच्या घरात गेला, वैनी. ह्याला लय भाग्य लागतं."

"त्यास्नी घरी जायाचं व्हतं," मी म्हटलं.

"मग घरातच व्हता की!"

बाई शोकात काहीतरी बरळते असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे.

आता तेरावा झाला. मंडपवाला कापड घेऊन गेला, पाव्हणे गेले, आपला लेक संजू राहिलेल्या कामाला विट्याला गेलाय. घरात मी एकटी. तुमच्याशी भांडायला बऱ्याच वर्षांनी मोकळा वेळ मिळालाय, तेव्हा ऐका.

हे घर तुम्ही बांधलंत तेव्हा आपल्या भागातले सगळेच गलाईवाले बांधत होते. सोनं गाळायला कुणी केरळात, कुणी बंगालात, आपण नेपाळात. कमवायचं तिकडं आणि बांधायचं इकडं. विट्यापासून आपल्या गावापर्यंतच्या रस्त्याला अशी घरं किती आहेत, दोन मजली, पुढं खांब, वर सिमेंटचा गरुड नाहीतर सिंह, आणि दाराला कुलूप. तुम्ही गरुड बसवला नाहीत एवढीच तुमची अक्कल. बाकी सगळं तसंच. वर्षातून एकदा जत्रेला यायचं, कुलूप काढायचं, पाली हाकलायच्या, गावजेवण घालायचं, कुलूप लावून परत जायचं. गावातली पोरं आपल्याला नेपाळवाले म्हणायची. "नेपाळवालं आलं का रं? दार उघडं दिसतंय."

आणि कायमचे राहायला आलो तेव्हा काय केलंत? सहा खोल्यांचं घर, आणि तुम्ही खाट, स्वयंपाकाची शेगडी, देव, कपड्यांची पेटी, सगळं खालच्या एका खोलीत आणून ठेवलंत. "हितंच बरं हाय. हाक मारली की ऐकू येती." शेजारची शांता बघायला आली. म्हणाली, "काकी, वरच्या खोल्या भाड्यानं देनार हायसा व्हय?" मी म्हटलं, "न्हाई बाई, आमास्नीच भाड्यानं ऱ्हायची सवय."

दुसरी सवय खिळ्यांची. तिकडं बुटवलच्या भाड्याच्या माडीत तीस-पस्तीस वर्षांत आपण मालकिणीला विचारल्याशिवाय भिंतीला खिळा मारला नाही. औंधच्या यमाईचा फोटो मी खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला होता. इथं आल्या आल्या तुम्ही हातोडी घेतलीत आणि घरभर खिळे मारत सुटलात. प्रत्येक खोलीत चार-पाच. मी म्हटलं, "काय टांगायचं हाय?" तुम्ही म्हणालात, "ठरवू की." काहीच टांगलं नाही. ते खिळे तसेच आहेत. पदर अडकतो.

मी तरी कुठं वेगळी? गलाईच्या घरातला केर टाकायचा नसतो हे मला लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी तुमच्या आईनं शिकवलं होतं. भट्टीजवळ झाडलेली धूळ, राख, फुटलेल्या मुशीचे तुकडे, सगळं डब्यात भरायचं, कारण त्यात सोन्याचा कण असतो. साठलं की जाळायचं, धुवायचं, त्यातून काढायचं. गावी आल्यावर मी वर्षभर या घराचा केर डब्यात भरत होते. ध्यानातच नाही. एक दिवस तुम्ही डबा उघडून बघितलात, त्यात माझे केस, चिंचोके आणि कबुतराची पिसं. तुम्ही एवढे हसलात की खोकल्याची उबळ आली. "काय गाळू ह्यातनं? कबुतर?"

मला ते हसणं आठवतं. त्यानंतर तुम्ही तसं एकदाच हसलात, ते पुढं सांगते.

मी लग्न होऊन बुटवलला गेले तेव्हा मला नेपाळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. माझं माहेर म्हसवडच्या बाजूचं. चौथीपर्यंत शाळा, नकाशात बघितलं असेल तेवढंच. रेल्वेनं गोरखपूर, तिथनं बस, मग हद्दीवर कमान. मला वाटलं आता पोलीस विचारतील, कोण, कुठले. शिपायानं आपल्या ट्रंकेकडं बघितलं आणि हातानं 'जा' म्हटलं. आपण चालत दुसऱ्या देशात गेलो. मी तुम्हाला विचारलं, "झालं? एवढंच?" तुम्ही म्हणालात, "एवढंच. आपल्या लोकास्नी हितं कोण आडवत न्हाई." आडवत नाहीत हे खरं. पण आडवत नाहीत आणि राहू देतात यात फरक असतो, तो कळायला मला वीस वर्षं लागली.

ती माडी मी डोळे मिटून आजही चालून येईन. खाली विटांची जमीन, तिथं तुमची भट्टी. मागं न्हाणी. अकरावी पायरी झिजलेली, तिथं नवा माणूस हमखास पडायचा. वर एक खोली आणि एवढंसं स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीतनं डोंगर दिसायचा, खाली तिनाऊ नदीचं पात्र. सोनं शुद्ध करायला घातलेल्या तेजाबाचा पिवळा धूर वर यायचा. माझी पांढरी साडी कधी पांढरी राहिली नाही, तुळस लावली की जळायची. पाच तुळशी जाळल्यावर मी नाद सोडला. तरी त्या घरात मला उपरं वाटलं नाही, आणि त्याचं कारण घरमालकीण.

दिदी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेलेला, दोन पोरं, मागच्या बाजूला राहायची. ती नेपाळीत बोलायची, मी मराठीत, आणि आमचं भांडणसुद्धा व्यवस्थित व्हायचं. सकाळी जिन्याखालून हाक, "बहिनी, भात खायौ?" जेवलीस का म्हणून. संजू झाला तेव्हा दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही, त्या माडीवर दिदीच्या हातात झाला. तुम्ही खाली भट्टी विझवून जिन्यात बसला होतात. दिदीनं वरून ओरडून सांगितलं मुलगा झाला, आणि तुम्ही उठताना त्या अकराव्या पायरीवरच आपटलात. बाळंतिणीआधी तुम्हालाच शेक द्यायला लागला.

मग दिदीची पोरं मोठी झाली, एक आखातात गेला, एक काठमांडूला. तिच्या पायानं जिना चढवेना. एक दिवस ती भट्टीपाशी येऊन बसली आणि तुम्हाला म्हणाली, हे घर मला आता झेपत नाही, पोरांना नको आहे, तुम्हीच घ्या. मला मागची खोली मरेपर्यंत राहू दे.

त्या दिवशी तुम्ही दुपारीच भट्टी बंद केलीत. माडीवर आलात आणि खिडकी, दार, कौलं, सगळं असं बघत फिरलात, जसं पहिल्यांदाच आलाय. म्हणालात, "ही भिंत पाडली की सैपाकघर मोठं हुईल."

मी म्हटलं, "आदी नावावर करा. मग पाडा."

आपण दोघं दिदीला घेऊन जमिनीच्या कचेरीत गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. तुमच्याकडं काय कागद आहेत विचारलं. तुम्ही मतदानाचं कार्ड काढून दिलंत, आपल्या गावचं. त्यानं ते बघितलं आणि परत तुमच्या हातात ठेवलं. म्हणाला, साहुजी, तुम्ही इथं कितीही वर्षं राहा, धंदा करा, तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही. पण परदेशी माणसाच्या नावावर घरजमीन होत नाही. कायदाच आहे.

परदेशी म्हटल्यावर तुम्ही मागं वळून बघितलंत. कोण आलंय म्हणून. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "भात लाव. भूक लागलीया." आणि परत भट्टी पेटवलीत.

माझ्या डोक्यातनं ते जाईना. मी सगळ्यांना विचारत सुटले. कुणी सांगितलं, दुसऱ्याच्या नावावर घ्या, आपल्यातल्या एकानं कामगाराच्या नावावर घेतलंय. तुम्ही म्हणालात, "घेतलंय खरं. आता त्यो कामगार गेला आन त्येचा जावई म्हंतोय, तुमी कोन?" दिदीनं तिच्या भाचीचं सुचवलं. "संजूचं तिच्याशी लावून दे. घर सुनेच्या नावावर होईल." संजू तेव्हा मिसरूड फुटलेला, ऐकून पळाला. तुम्ही म्हणालात, "आन भाची रुसून निगाली तर? घर बी तिच्यामागनं जाईल." दिदी एवढी हसली की तिचा चहा सांडला. हसण्यावारी गेलं तेही.

मग ते सरकारी लोक आले. शाळेत टेबल मांडून बसले होते, इथं जन्मलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना नागरिकता द्यायला. संजू तिथलाच जन्मलेला, पण त्यांनी ठरवलेल्या सालाच्या नंतरचा, म्हणून तो त्यात बसत नव्हता. सगळ्या गल्लीत तेच बोलणं. दिदी काठी टेकत वर आली, जिना चढून, त्या पायानं. म्हणाली, मी सही करते, शेजारचे दोघे सही करतात, जन्म इथला असं लिहा, उद्या चला. नागरिकता झाली की घर तुमचं.

मी तुमच्या पाठीमागं लागले. आपलं ते भांडण तुम्हाला आठवत असेलच, कारण ते संपलं नाही. पुढची सगळी वर्षं ते चालूच होतं, फक्त आपण मोठ्यानं बोलत नव्हतो.

"माजा जल्म कुटं झाला?" तुम्ही म्हणालात.

"कुटं का हुईना. जल्म काय कुनी बघायला आलं व्हतं?"

"खोटं लिवून घर घ्यायचं? तेजाबात घातल्यावर खोटं टिकतं व्हय?"

"घराला तेजाब कोन लावतंय!"

"आन हितला झालो की तितला परका. गावाकडं घर हाय, माळाचं रान हाय. उद्या तितं एक खोली वाढवायची म्हनली तरी परवानगी काढत बस. रान तर घेताच येनार न्हाई."

"आपुन रान कवा केलं? वाटेकरी करत्यात. आपुन ऱ्हातो कुटं?"

मग तुम्ही तो शेवटचा दगड टाकलात. "आप्पा फौजेत. त्येचा भाऊ दुसऱ्या देशाचा झाला तर आप्पा माजं तोंड बघनार न्हाई."

दीर सरहद्दीवर, आणि मी माडीसाठी भावाभावात अंतर पाडायचं? मी तोंड मिटलं. शाळेतलं टेबल उठलं, लोक गेले. दिदी परत काही म्हणाली नाही. पण त्यानंतर तिनं भाडं वाढवलं नाही, कधीच, आणि मला ते भाडं वाढवण्यापेक्षा जास्त लागलं.

मला त्या भिंती हव्या होत्या, एवढंच माझं म्हणणं होतं. इथल्या संगमरवराचं मला काही नव्हतं. मला ती झिजलेली पायरी हवी होती, ते स्वयंपाकघर मोठं करायचं होतं, खिडकीत खाट टाकून डोंगर बघत म्हातारं व्हायचं होतं. दुसऱ्या कुणी यायचं आणि 'महिन्याभरात बघा' म्हणायचं, ही भीती मला नको होती. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दिदी गेली, आणि तिच्या पोरांनी घर विकलं. त्यांनी वाईट वागवलं नाही आपल्याला. मुदत दिली, धाकटा पाया पडून गेला. पण घेणाऱ्याला जुनं घर नको होतं, पाडून चार मजले चढवायचे होते. तुमची छाती तोवर कामातनं गेलेली. संजूनं दुसरीकडं भाड्यानं दुकान घेतलं आणि आपल्याला म्हणाला, तुम्ही आता गावाकडं जा.

गलाईवाला जागा सोडतो तेव्हा जमीन खणतो. हे काय मी तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच मला सांगितलेलं. भट्टीभोवतीच्या विटा उचलायच्या, फटींतली माती, खालची हातभर माती, सगळी चाळायची, धुवायची. वर्षानुवर्षं उडालेलं, सांडलेलं सोनं तिथं मुरलेलं असतं. जागा आपली नसली तरी ते आपलं, हे मालकही धरून चालतात. मारुती आटपाडीचा, गल्लीच्या तोंडाशी त्याची भट्टी. तो कुदळ घेऊनच आला. "नाना, बसा तुमी. म्या खनतो. लय वर्साचं हाय, चांगलं निगंल."

तुम्ही भट्टीपाशी विटांवर बसला होतात. हातानं वीट चाचपत होतात. म्हणालात, "नगं."

"नगं म्हंजी?" मी जिन्यातनं ओरडले.

"माजी कंबर दुखतीया."

"तुमाला कोन खनायला सांगतंय? मारुती खनतोय की!"

"ऱ्हाऊ दे त्येबी. ऱ्हाऊ दे मारुती, जा तू."

मारुती माझ्याकडं बघायला लागला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का म्हणून. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. आयुष्यभर केर डब्यात भरायला लावलात, झाडूचे हीर जाळून घेतलेत, माझ्या पायाचे तळवे झाडून घेतलेत, आणि आता सगळं एका अनोळखी माणसाच्या पायाखाली सोडून निघालात. तुम्ही ऐकून घेतलंत. मग उठलात, भिंतीला धरून, आणि बाहेर जाऊन रिक्षात बसलात. कंबर दुखत नव्हती. बसताना मी बघितलं ना.

का खणली नाहीत, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. रागात होते. हद्दीच्या कमानीखालनं आलो तेव्हाही कुणी काही विचारलं नाही, शिपायानं हातानं 'जा' म्हटलं.

गावी आल्यावर तुम्ही नेपाळीत बोलायला माणूस शोधत होतात. विट्यात स्टँडजवळ तो मोमोचा गाडा लावणारा नेपाळी पोरगा भेटला. इथंच वाढलेला, बायको, दोन लेकरं. दर बाजाराला तुम्ही त्याच्याकडं जाऊन बसायचात. एकदा मी बरोबर होते. तुम्ही त्याला विचारलंत, "काय रं, घर घेतलंस का न्हाई अजून? किती वर्सं भाडं भरतूस?"

तो म्हणाला, "कुटलं घर, नाना! आमी पडलो नेपाळी. आमाला हितं परवानगी काढावी लागतीया, सरकारच्या मोठ्या बँकेची, मुंबईच्या. कोन देतंय?"

तुम्ही त्याच्याकडं बघितलंत. त्यानं तुमच्याकडं. आणि मग जे हसलात दोघं! तुम्ही गाड्याला धरून हसत होतात, तो झारा आपटून हसत होता. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मी तुम्हाला ओढत स्टँडवर आणलं. एसटीत बसल्यावर तुम्ही डोळे पुसलेत, आणि मी खिडकीकडं तोंड केलं. ते हे दुसरं हसणं.

इस्लामपूरच्या दवाखान्यात तुम्हाला नळी लावली होती तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं संजूबद्दल काही सांगाल. तुम्ही म्हणालात, "जमीन न्हाई न्हवं खनली?"

"न्हाई," मी म्हटलं.

"बरं केलं."

आता सांगते. खणली. आपली रिक्षा वळायचीच खोटी, मारुतीनं नव्या मालकाशी बोलून दुसऱ्या दिवशी सगळ्या विटा उचलल्या. संजूनं फोनवर सांगितलं होतं मला. चांगलं निघालं म्हणे. त्यानं संजूला वाटा देऊ केला, संजूनं घेतला नाही. बापावर गेलाय. मी तुम्हाला खोटं सांगितलं, आणि तुम्ही परत विचारलंत तर परत तेच सांगेन. तुम्ही जे तिथं ठेवून आलात ते तिथं नाही, हे मरणाऱ्या माणसाला कशाला कळायला हवं?

आता मुख्य भांडण.

तेराव्याला पंगती उठल्यावर आप्पा भावजी माझ्यापाशी येऊन बसले. म्हणाले, "वैनी, संजू म्हंतोय तुमाला तिकडं घिऊन जातो. जावा तुमी. दादानं तवा ती नागरिकता घ्याय पायजे व्हती. म्या किती सांगिटलं त्येला."

मला वाटलं माझे कान गेले. "तुमी सांगिटलं? घे म्हनून?"

"तर! रजेवर आलतो, त्येनं जत्रंला मला इचारलं. म्या म्हनलो, आरं घे की. तू कुटं पाकिस्तानात चाललाईस? आमच्या पलटणीत निम्मं गुरखं. त्येंच्या संगं जेवतो, झोपतो. मला काय वाटायचंय?"

"मग त्ये काय म्हनलं?"

भावजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "म्हनला, तिला परत आनायचा सबूद दिलाय. लगीन करून नेली तवाच. तिकडंच मुळं रुजली तर सबूद मोडंल म्हनला."

मी म्हटलं, "म्या कवा सबूद मागितला?"

मग रात्रंदिवस आठवत बसले. आणि आठवलं, धड नाही, अर्धवट. गोरखपूरचं स्टेशन असेल. माझे हात बांगड्यांनी भरलेले, गर्दी, भूक, आणि मी रडत होते, मला माघारी न्या, मी परक्या मुलखात मरणार नाही, असलं काहीतरी. तुम्ही केळी आणून दिलीत आणि 'आणीन परत' म्हणालात. एवढंच. नवी नवरी रडताना काहीही बोलते हो! ते काय कुणी आयुष्यभर उराशी धरून बसतं?

तुम्ही धरून बसलात. माझ्यापाशी भावाचं नाव पुढं केलंत, आणि मी त्या बिचाऱ्या दिराला मनात इतकी वर्षं शिव्या घातल्या. एकदा विचारायचंत मला. शाळेतलं टेबल उठायच्या आधी, माडीवर येऊन, एका वाक्यात: 'तुला अजून परत जायचंय का?' मी नाही म्हटलं असतं. तेव्हा संजू तिथं जन्मून मोठा झाला होता, दिदी होती, मला भाताशिवाय जेवण जात नव्हतं. मी कधीच परत जायचं विसरले होते. तुम्ही माझ्यासाठी घर सोडलंत आणि ते घर मलाच हवं होतं. याला काय म्हणायचं ते मला येत नाही. शहाण्या माणसानं म्हणावं.

राग आहे माझा. पण त्या रागाखाली दुसरंही आहे, ते सांगायचं राहिलं. एवढी वर्षं मला वाटायचं की त्या भांडणात तुम्ही माझं ऐकलं नाहीत. तुम्ही तर माझंच ऐकलं होतं. पोरगी असताना बोललेलं ऐकलंत, मोठेपणी बोललेलं ऐकलं नाहीत, एवढाच तुमचा दोष. एवढं माझं कुणी ऐकलं नव्हतं, माझ्या बापानंही नाही.

संजू म्हणतो, आई चल. त्याची जागा भाड्याची, तिसऱ्या मजल्यावर. त्याच्या लेकीला मराठी येत नाही, ती मला फोनवर विचारते, भात खायौ? मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. गेले तर त्या गल्लीत जाऊन उभी राहीन. आता तिथं चार मजले आहेत, खाली मोबाइलचं दुकान आहे म्हणे. कुणी विचारलं, आज्जी काय पाहिजे, तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय: काही नको, घर बघायला आलेय.

त्या घराचा मालक आधी दिदीचा नवरा होता, मग दिदी, मग तिची दोन पोरं, मग हा नवा माणूस. कागदावर तेवढीच नावं. राहिलो मात्र तिथं तुम्ही आणि मी.